भाताच्या वाफ्यातली भांग

माझ्या हाताला गुण आहे असं मी लहानपणापासून ऐकत आले. ऐकवणारी बहुतेक वेळा मीच असे, ती गोष्ट वेगळी. लोधिवलीला माहेरी असताना एकदा गुरं हाकायला शेवग्याची काठी मोडून घेतली, दुपारी ती बांधावर टोचली आणि भाकरी खायला बसले. भाकरी खाऊन उठले तर काठीला शेंगा लागलेल्या. आई म्हणे, शेंगा कुठल्या, दोन पानं फुटली होती, आणि तीही पंधरा दिवसांनी. पण आईला कुठल्याही गोष्टीतला रस पिळून टाकून नुसता चोथा सांगायची खोड होती.

हा गुणाचा हात घेऊन मी कडावला सून म्हणून आले. जर्मनीची लढाई संपून चार-पाच वर्षं झाली असतील. आमचे हे कर्जत स्टेशनात, डबे हलवणाऱ्या वाफेच्या इंजिनांवर कोळसा टाकायला होते. आठवड्यातून एकदा घरी येत आणि इतके काळे होऊन येत, की तोंड धुतल्याशिवाय मी त्यांना वाढत नसे; न जाणो, दुसराच कुणी जेवून जायचा. घरात रोजची माणसं तीनच. मी, सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणे, आणि सासरे, मामंजी.

मामंजी शेतकरी होते आणि वैद्यही होते. सकाळी चिखलात, दुपारी पडवीत पुड्या बांधत. त्यांची सगळ्यात मोठी ख्याती होती ती पोटाच्या चूर्णाची. पावसाळ्यात आमच्या बाजूला पोटं बिघडतात ती अशी, की माणूस सकाळी परसात जातो तो दुपारपर्यंत घरी येतच नाही. लहान पोरं आणि बाळंतिणी तर दोन दिवसांत पाण्यासारख्या ओसरून जात. अशा वेळी शेलूपासून माणसं मामंजींकडे येत, आजारी माणसाला डोलीत घालून आणत. त्या चूर्णाच्या एका चिमटीनं वाहता ओढा थांबे. उल्हास नदीत कुणी मूठभर टाकलं असतं तर कल्याणची माणसं पाण्यावाचून राहिली असती, एवढं मी खात्रीनं सांगते.

त्या चूर्णात सुंठ, जायफळ आणि आणखी काय काय असे, आणि थोडी भांग असे. दुकानात भांग मिळायची, पण त्या पानांत काय काय मिसळलेलं असतं ते मामंजींना चांगलं माहीत होतं. आजारी माणसाला परक्या हातची पानं द्यायची नाहीत, असा त्यांचा हट्ट. म्हणून त्यांनी कधीतरी बरेच खेटे घालून, घरी भांग लावायचा सरकारी परवाना मिळवला होता. तो काचेच्या चौकटीत घालून देवांच्या शेजारी टांगलेला असे. आत्याबाई देवांना कुंकू लावताना त्यालाही लावत. सरकारचा शिक्का त्यामुळे इतका लाल झाला होता, की खाली सही साहेबाची आहे की मारुतीची हे कळत नसे.

परवान्यात लिहिलं होतं ते मामंजींनी मला वाचून दाखवलं होतं. सहा रोपं लावायची. सातवं दिसलं तर गुन्हा. आणि सलग तीन वर्षं मोजणीला एकही जिवंत रोप मिळालं नाही, तर परवाना रद्द.

दोन वर्षं एकही मिळालं नव्हतं. मामंजींच्या हातची रोपं दोन्ही वर्षी आषाढातच मरून गेली होती. चिनी मातीच्या बरणीत जुनी पानं होती तीही आता तळाला लागली होती. बोटं बुडतील एवढीच.

तिसऱ्या वर्षी वैशाखात मामंजींनी फडक्याची एक गाठ सोडली. आत मिऱ्यांएवढ्या करड्या बिया. नगरकडचा एक घोंगड्या विकणारा दरवर्षी यायचा, त्याच्याकडून मागवलेल्या. पंचवीस होत्या.

"ही शेवटची खेप," मामंजी म्हणाले. "यंदा एखादं तरी जगलं पाहिजे. नाहीतर चौकट उतरवून कचेरीत नेऊन द्यायची."

मी चुलीपाशी होते. तिथूनच म्हटलं, "मामंजी, माझ्याकडं द्या. माझ्या हातात वाळकं लाकूड जगतं."

"हिच्या हातानं गेल्या वर्साला कारल्याचा येल वाळला," आत्याबाई म्हणाल्या. "नि ही निघाली भांग लावायला."

"तो वेल तुमच्या शेळीनं खाल्ला, आत्याबाई."

"खाल्ला, कारन तो आधीच वाळला व्हता. माझी शेळी हिरवं खात नाय."

मामंजी हसले आणि त्यांनी वीस बिया माझ्या ओंजळीत घातल्या. पाच परत गाठीत बांधून ठेवल्या. वैद्य माणूस, सगळी मात्रा एकदम कधी देत नसे.

आता खरं सांगायचं तर मला भांगेचं काडीचं ज्ञान नव्हतं. मला येत होतं ते भात. लोधिवलीपासून कडावपर्यंत कुणालाही विचारा, जन्मलेलं पोर आधी भाताचं रोप ओळखतं आणि मग आईला. भाताचं रोप वाढवायचं म्हणजे आधी राब करायचा, हे आमच्या अंगात मुरलेलं. वैशाखात जमिनीच्या तुकड्यावर शेणाचा थर द्यायचा, त्यावर ऐनाच्या फांद्या, पाला, गवत, वरून माती, आणि वाऱ्याकडच्या बाजूनं पेटवून द्यायचं. रात्रंदिवस धुमसून जमीन भाजून निघते, तण मरतं, किडे मरतात, राख मिसळते. मृग लागला की त्यात बी टाकायचं. मग पाऊस साठवायला भोवती बांध घालायचा.

मी भांगेसाठी तेच केलं. परसात चार हात लांब, दोन हात रुंद राब भाजला. भाताला देतात त्याच्या दुप्पट शेण घातलं, कारण हे रोप परवान्याचं होतं. बी टाकलं. बांध घातला, तो इतका सुबक की गावातल्या बायका बघायला येत. निदान दोन जणी तरी आल्या होत्या.

विसातली सतरा उगवली; मोजणीआधी त्यातली सहा ठेवून बाकीची उपटायची होती. चौथ्या दिवशी मी सांगत सुटले, की कान लावला तर रोपं वाढताना करकर वाजतात. मामंजी काही बघायला आले नाहीत. बोलावल्याशिवाय वैद्यानं रोग्याच्या दारात जायचं नाही, हा त्यांचा नेम होता, आणि तो त्यांनी सुनेच्या वाफ्यालाही लावला. मीही बोलावलं नाही. गुणाच्या हाताला वैद्य कशाला लागतो!

आषाढाच्या सुरुवातीला खालची पानं पिवळी पडायला लागली.

भात पिवळं पडलं की आम्ही एकच विचारतो, पाणी किती आहे? वाफ्यात पाणी होतं, पण घोट्याएवढंही नव्हतं. मी बांध वीतभर वाढवला. पाणी छान तुंबलं. पानं आणखी पिवळी झाली. म्हटलं, उपाशी आहेत. शेण कालवून घमेलंभर ओतलं. दोन दिवसांत पानांची टोकं तपकिरी होऊन वर वळली, जशी जुन्या पोथीची पानं वळतात. म्हटलं, शेण कमी पडलं. आणखी घमेलंभर ओतलं.

मग तिसरा आजार आला. सकाळी रोप ताठ असायचं आणि दुपारी आडवं. बुडाशी, मातीला लागून, देठ दोऱ्यासारखा बारीक होऊन मान टाकलेली. मामंजी मोडलेल्या हाताला बांबूच्या कामट्या बांधतात हे मी पाहिलं होतं. मी केरसुणीच्या काड्या काढल्या आणि सात रोपांना कामट्या बांधल्या. लांबून वाफा म्हणजे लढाईवरून आलेल्या शिपायांचं इस्पितळ दिसे. सातही शिपाई तिसऱ्या दिवशी वारले.

"दृष्ट लागली गं," आत्याबाई म्हणाल्या आणि वाफ्याच्या कोपऱ्यात फाटकी वहाण टांगली.

"भांगेला कुणाची दृष्ट लागणार?"

"तुझीच. दिवसातनं चाळीस येळा बघते तिच्याकडं. येवढं माझ्या लेकाकडं बगितलं आसतंस तर तो काळा पडला नसता."

आत्याबाईंचं तेव्हा मला हसू आलं. सगळ्या उपायांत नेमकं निदान तेवढंच होतं, हे कळायला महिना जायचा होता. मेलेलं रोप मी उपटायची आणि लांब पेरूखाली भिरकावायची. मूळ बघावं असं एकदाही डोक्यात आलं नाही. पान बघायची, पानाला औषध द्यायची. पायाला काटा लागलेल्या माणसाच्या डोक्याला तेल चोळावं तसा माझा सगळा कारभार.

श्रावण लागला तेव्हा चार उरली होती. चारही अशी, की त्यांना जिवंत म्हणायला मन मोठं करावं लागे.

आणि त्याच आठवड्यात निरोप आला, की अबकारीचा हवालदार उद्या पाहणीला येतोय. मोजणी खरी दसऱ्यानंतर असे. पण हा नवीन माणूस होता, बदली होऊन आलेला, आणि त्याला आधी एकदा बघून जायचं होतं.

मी रात्रभर जागले, नाही, खोटं नको बोलायला, मी छान झोपले. माझं डोकं सकाळी चालतं. सकाळी चुलीवर भाजी टाकायला अंबाडी खुडत होते, आणि हातातल्या पानाकडे बघतच राहिले. कोवळ्या अंबाडीचं पान पाहिलंय ना? पंजासारखं, पाच बोटांचं, कडेला दाते. भांगेचं पान त्याचा सख्खा भाऊ शोभेल.

मी सहा चांगली वीतभर अंबाडीची रोपं मुळासकट उचलली आणि वाफ्यात ओळीनं लावली. परवाना सहाचा, रोपं सहा. खऱ्या चार रोग्यांवर कोपऱ्यात टोपली पालथी घातली. मागं सरून बघितलं. मलाच भांग चढल्यासारखं झालं, इतकं झकास दिसत होतं.

हवालदार दुपारी आला. डोक्यावर घोंगडी, खाली पट्टा, आणि सगळ्याच्या आत एक उंच, हाडकुळा, भिजलेला माणूस. पडवीत टेकायच्या आधीच म्हणाला, "परसाकडं कुठं जायचं?" परत आला आणि पाचच मिनिटांनी पुन्हा गेला. चेहरा अंबाडीच्या देठासारखा.

मामंजींनी त्याला पडवीत बसवलं. नाडी धरली, जीभ बघितली आणि बरणी काढली. मी दाराआडून बघत होते. तळाची उरलीसुरली पानं त्यांनी हातावर झटकून घेतली, चूर्णात घोटली, पुडी बांधली. बरणी उलटी करून ठेवली.

घरातली शेवटची भांग संपली. पण दुसऱ्याच क्षणी वाटलं, बरंच झालं. आता हा आपला मिंधा.

हवालदारानं पुडी घेतली, ताक प्यायला, अर्धा तास भिंतीला टेकून बसला. मग उठला आणि म्हणाला, "बरं वाटतंय, वैद्यबुवा. उपकार झाले. पर औषध येगळं आन पाहणी येगळी. रोपं दाखवा."

मामंजींनी माझ्याकडं बघितलं. मी पदर नीट केला आणि पुढं झाले. मामंजी आणि आत्याबाई मागून.

हवालदार वाफ्यापाशी उकिडवा बसला. सहाही रोपं एकेक करून बघितली. मान हलवली. "लई भारी. आमच्या नगरकडं बी अशी न्हाई येत." मी फुगले. मग त्यानं तिसऱ्या रोपाचं पान खुडलं, तोंडात टाकलं आणि चावत राहिला. डोळे मिटले.

"लसूण घालून करत असाल ना?" तो म्हणाला.

"काय?"

"काय न्हाई." तो उठला आणि कोपऱ्यात जाऊन त्यानं टोपली उचलली. चार रोगी उजेडात डोळे चोळत उभे राहिले. हवालदारानं त्यांच्याकडं बघितलं, माझ्या सहांकडं बघितलं, आणि खिशातून वही काढली.

"सहा हितं. चार तितं. दहा झाली. परवाना सहाचा." पेन्सिल जिभेला लावली. "आवं वहिनी, दहा रोपांचा गुन्हा फार मोठा. आता तुमीच सांगा, काय लिहू?"

मागं आत्याबाई अरं देवा म्हणून खालीच बसल्या. कचेरी, बेड्या, मामंजी खाली मान घालून उभे, सगळं दिसलं.

"ती अंबाडी आहे," मी म्हटलं.

"काय म्हणालात? ऐकू न्हाई आलं."

"अंबाडी आहे! भाजीची अंबाडी! सहाही! मी लावली आज सकाळी!"

"मोठ्यानं बोललात, बरं झालं," हवालदार म्हणाला. "चार. रोगट. असं लिहितो." आणि खरंच तसं लिहिलं.

आता मामंजी पुढं आले. ते माझ्यावर रागावतील असं वाटलं होतं. ते टोपलीखालच्या रोपांकडे बघत होते. "सूनबाई," ते हळू म्हणाले, "माझी पण अशीच मेली होती. अगदी अशीच." मग हवालदाराला म्हणाले, "तुम्ही नगरकडचे. यांना काय झालंय, कळतंय का तुम्हाला?"

"माझा बाप जल्मभर गांजाच्या वावरात मजुरी करायचा," हवालदार म्हणाला. "मी बी नोकरी लागेस्तवर तेच केलं. म्हणून तर मला अबकारीत घेतला." आणि विचारायच्या आत त्यानं चारातलं सगळ्यात रोगट रोप उपटलं.

मी ओरडले. चाराची तीन झाली.

"हे गेलेलंच हाये. मेलेल्या रोपाचा येवढाच उपेग." त्यानं मूळ माझ्या तोंडापुढं धरलं. "बघा. मूळ पांढरं पायजे. हे कसलं हाये?"

मूळ चहाच्या गाळासारखं तपकिरी होतं. बोटांत धरलं तर वरची साल सुटून हातात आली, गटारासारखा वास आला.

"हिला भात समजून वाढवली तुमी," तो म्हणाला. "भात पान्यात उभं ऱ्हातं. हिला पान्यात उभी केली तर ही बुडून मरती. आमच्याकडं पाऊस बोलवावा लागतो, तुमच्याकडं हाकलावा लागतो. बांध कुनी घातला?"

"मी."

"लई सुबक हाये. फोडा."

मग तो मामंजींशी बोलत राहिला आणि मी ऐकत राहिले. दोन वैद्य एका रोग्याच्या उशाशी बसावेत तसे ते दोघे चिखलात बसले होते. हवालदाराचं म्हणणं असं. पिवळं पान दिसलं की लगेच पाणी ओतायचं नाही. आधी बोट मातीत खुपसायचं. माती ओली आणि पान पिवळं, तर पाणी हाच रोग. माती कोरडी आणि पान मलूल, तर पाणी हे औषध. तेच पान, उलटा इलाज. टोकं करपली ती शेणानं आणि राखेनं. "बारशाच्या पोराला पुरणपोळी चारली तुमी," माझ्याकडं बघून. आणि माना मोडल्या त्या दाटीनं आणि ओलीनं. बुडाशी वारा खेळला पाहिजे.

"मग कामट्या बांधून..." मी विचारलं.

"कुनी बांधल्या कामट्या?"

मामंजींनी छताकडं बघावं तसं आभाळाकडं बघितलं.

हवालदार पाऊस थोडा थांबल्यावर निघाला. जाताना म्हणाला, "दसऱ्यानंतर मोजणीला येतो. जितं रोप एक जरी असलं तरी परवाना ऱ्हाईल. मेलेलं चालत न्हाई आन अंबाडी बी चालत न्हाई. ती खायाला मात्र येईन. आज पोटात जागा न्हाई."

त्या संध्याकाळी मी स्वतःच्या हातानं बांध फोडला. मग मामंजींना म्हटलं, "मामंजी, रोग्याला बघायला येता का?" ते लगेच आले. इतके लगेच, की बहुतेक दोन महिने वाटच बघत होते.

तिन्ही रोपं मुळाला धक्का न लावता काढली. बुडाला भोकं पडलेली तीन मडकी घेतली, त्यांत ओढ्याची वाळू आणि टेकाडावरची तांबडी माती निम्मी निम्मी भरली. शेण नाही, राख नाही. मामंजींनी जपून ठेवलेल्या पाच बियाही आणखी मडक्यांत टोचल्या. सगळी मडकी पडवीच्या कडेला मांडली, जिथं सकाळचं ऊन येतं पण पागोळ्या पडत नाहीत.

आणि मग सुरू झालं ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात कष्टाचं काम. भाताची लावणी मी वाकून दिवसभर केली आहे. एकदा तर एकटीनं अख्खा कडावचा शिवार लावला आहे, विचारा कुणालाही. पण काही न करणं हे काम मला कधी जमलं नव्हतं. सकाळी उठलं की हात आपोआप तांब्याकडे जायचा. शेवटी मी तांब्या आत्याबाईंच्या ताब्यात दिला.

"आत्याबाई, मी मागितला तरी देऊ नका."

"कशाला मागशील?"

"मडक्यांना पाणी घालायला."

"बोट घातलंस मातीत?"

"नाही."

"मग चालायला लाग."

इतका आनंद त्यांना लेकाच्या लग्नातही झाला नसेल. दिवसातून दहा वेळा मी मागे आणि दहा वेळा त्या नाही म्हणत. दुसऱ्या पेरापर्यंत बोट खुपसायचं, माती चिकटून आली तर परत फिरायचं. माझ्या उजव्या हाताच्या त्या बोटाचं नख तेव्हापासून तांबडंच आहे.

रोज सकाळी पानं उलटी करून बघायची हे मामंजींनी शिकवलं. रोग पानाच्या पाठीला आधी दिसतो, ते म्हणत, जसा माणसाच्या डोळ्यांखाली. एकदा बारीक हिरवे किडे सापडले. मी शेण आणायला धावणार होते. मामंजींनी नुसत्या ओल्या फडक्यानं पाठी पुसल्या. झालं तेवढ्यानं.

जुन्या तीनपैकी दोन भाद्रपदात गेली. एक मात्र राहिलं, आणि त्याला वरून हिरवी नवी पानं फुटायला लागली. खालची पिवळी तशीच गळून पडली. ती परत हिरवी होत नाहीत, नवीन कशी येतात ते बघायचं, हेही तेव्हा कळलं. पाच बियांतून तीन उगवली. म्हणजे चार. मी आनंदानं सगळ्यांना सहा सांगत होते, पण घरात चार.

नवरात्रात एका दुपारी आत्याबाईंची शेळी सुटली. मी पाणी भरून येते तर एका मडक्यात नुसता देठ, आणि शेळी पडवीत पाय पसरून भिंतीकडं बघतेय. दोन दिवस ती तशीच बघत होती. हाक मारली तर मान वळवायला तिला संध्याकाळ होई.

"आत्याबाई," मी म्हटलं, "शेळी हिरवं खात नाही ना?"

आत्याबाईंनी शेळीकडं बघितलं, मडक्याकडं बघितलं. "ते बी वाळलंच आसल," त्या म्हणाल्या, पण तेव्हापासून शेळीच्या गळ्यात दोन दोर असत.

दसरा झाला. चौथ्या दिवशी हवालदार आला. आता कोरडा होता, त्यामुळे अर्धाच दिसत होता. काखेत फडक्याचं गाठोडं. पडवीच्या पायरीवरच थांबला आणि मडक्यांकडं बघत राहिला. तीन रोपं, कमरेएवढी, ताठ. मी अंगणात उभी. अंबाडी त्याच्या नजरेस पडू नये म्हणून ती मी आधीच सगळी खुडून शिजवायला टाकली होती.

त्यानं पहिल्या रोपाचं पान खुडलं आणि चुरगळून वास घेतला. दुसऱ्याचं घेतलं. तिसऱ्याचं घेतलं. मग बोट मातीत खुपसलं, काढलं, फुंकलं. बोट कोरडं होतं.

"तीन," तो म्हणाला. "जिती." आणि वहीत लिहिलं. मामंजींनी ते वाकून वाचलं, आणि आत जाऊन उलटी ठेवलेली बरणी सुलटी केली. एवढंच. पण पुढच्या पावसाळ्यात आलेल्या पहिल्या रोग्याला चूर्ण देताना, पानं कुणाची असं त्यानं न विचारताच त्यांनी सांगितलं, "सूनबाईच्या हातची."

हवालदारानं गाठोडं माझ्या पुढं ठेवलं. आत ज्वारीचं पीठ. "गावाकडनं आणलंय," तो म्हणाला. "तुमची तांदळाची भाकरी मी चार महिने खातोय, पर जेवल्यासारखं वाटत न्हाई. तुमची अंबाडी, माझं पीठ. करता का, वहिनी?"

"त्यात काय," मी म्हटलं. "माझ्या हातची भाकरी म्हणजे..."

ज्वारीची भाकरी मी जन्मात केली नव्हती. तांदळाची उकड काढतो तसं आधण ठेवलं, पीठ कालवलं आणि थापायला घेतलं. पहिली काठवटीतच फाटली. दुसरी तव्यावर टाकताना दोन तुकडे झाली. तिसरी कडेनं चिरफळत गेली आणि तिचा रायगड जिल्ह्याचा नकाशा झाला, तोही अलिबागकडचा भाग तुटलेला. मी तेच तुकडे अंबाडीच्या भाजीबरोबर ताटात मांडून नेले.

हवालदारानं एक तुकडा उचलला, उजेडाला धरून बघितला, बोटानं दाबला.

"वहिनी," तो म्हणाला, "हिला बी पानी जास्त झालंय."

आणि सगळं ताट पुसून खाल्लं.